कवयित्री बहिणाबाई चौधरी : माहेर, माती आणि मायबोली

दरवर्षी ही स्मरणिका सिद्ध होत असताना ज्ञातीतील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे त्यांचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी नवीन ते काय सांगणार, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्याही मनात तो आला होता. परंतु जी व्यक्ती आपली म्हणून आपण अभिमानाने मिरवितो, तिच्याविषयी आपल्या घरोघरी प्रत्यक्ष माहिती किती आहे, याचा विचार करता आम्हांस हे लेखन अगत्याचे वाटले. शिवाय या चरित्रात आपणां सर्वांस अंतर्मुख करील असा एक धडाही आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली, जळगावपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वडिलांचे नाव उखाजी व आईचे नाव भिमाई. तीन भाऊ व तीन बहिणी अशा भरल्या घरात त्या वाढल्या. त्या काळी हा प्रदेश अखंड खानदेश जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले आणि जळगाव हे पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. आपल्या लेवा समाजाची वस्ती प्रामुख्याने याच भागात, तापी-पूर्णेच्या आसपासच्या काळ्या जमिनीवर. ज्वारी, कापूस, कडधान्ये ही पिके, विहिरीवरची मोट, दारात बैलजोडी आणि ओसरीवर जाते, हे त्या काळच्या कुणबी घराचे चित्र असे. उखाजी महाजनांचे घर त्यास अपवाद नव्हते.

या घरात मुलींनी शाळेत जाण्याचा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. पुण्यात मुलींची शाळा निघून तीस वर्षे लोटली होती, परंतु तिची हवा असोद्याच्या शिवारापर्यंत पोहोचली नव्हती. बहिणाबाईंनी आयुष्यात पाटीवर अक्षर गिरविले नाही. मग त्यांचे शिक्षण कोठे झाले? आमच्या मते ते तीन ठिकाणी झाले. पहिली शाळा जात्याची, दुसरी शेताची आणि तिसरी सणावारांची व देवादिकांच्या गोष्टींची. या तिन्ही शाळांत पुस्तक नव्हते, परीक्षा मात्र रोज होती.

प्रथम जात्याविषयी. आपल्या भागात जात्यास घरोट म्हणतात. पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी घरातील बायका दळणास बसत आणि दळता दळता ओव्या म्हणत. जात्याच्या फेऱ्यास एक ठरावीक ताल असतो. खुंटा ओढला, ढकलला, मूठभर दाणे घातले, की पुन्हा तोच ताल. त्या तालावर शब्द आपोआप मापात बसतात. बहिणाबाईंची बहुतेक गाणी ज्या आठ-आठ अक्षरांच्या चालीत आहेत ती चाल त्यांना कोणत्याही छंदःशास्त्राने शिकविलेली नाही. ती लहानपणी आईच्या मांडीशी बसून कानांत मुरली. ‘घरोट’ नावाच्या त्यांच्या गाण्यात दळण आणि गाणे यांचे नाते त्यांनी स्वतःच उलगडून दाखविले आहे. पीठ जसे जात्यातून सहज बाहेर पडावे, तसे आपले गाणे अंतरीहून ओठांवर येते असा त्याचा आशय आहे. विद्वानांनी काव्याच्या उत्पत्तीविषयी पुष्कळ लिहिले आहे, परंतु स्वतःच्या कवित्वाचे मूळ इतक्या साध्या रीतीने सांगणारे कवी विरळा.

दुसरी शाळा शेताची. बहिणाबाईंच्या गाण्यांची नुसती नावे वाचली तरी शेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ असा तो क्रम आहे. बांधावर उभे राहून शेताची शोभा पाहणाऱ्याचे हे वर्णन नव्हे. उपणताना वाऱ्याची वाट कशी पाहावी लागते आणि वारा पडला म्हणजे हातातील सूप किती जड होते, हे ज्याने सोसले आहे त्यालाच ती गाणी सुचावीत. मनाचे चंचलत्व सांगताना त्यांना सर्वप्रथम आठवते ते उभ्या पिकात शिरणारे ओढाळ जनावर, आणि संसाराचे मर्म सांगताना आठवतो तो चुलीवरचा तवा व बोटांना बसणारा चटका. उपमा शोधण्यासाठी त्यांना कोठे जावे लागले नाही. हाताखालचे काम हीच त्यांची उपमांची पेटी होती.

शेताने त्यांना केवळ शब्द व चित्रे दिली असे नाही. शेताने त्यांना न्यायाची दृष्टीही दिली. शेतकरी वस्तूची परीक्षा तिच्या उपयोगावरून करतो. जे पिकत नाही ते शेत कसले, जो ओढत नाही तो बैल कसला, हा त्याचा रोजचा हिशेब. ‘कशाला काय म्हनू नही’ या गाण्यात बहिणाबाईंनी हाच हिशेब माणसापर्यंत नेला आहे. नाव धारण करण्याचा अधिकार गुणाने मिळतो, हा विचार त्यांनी बोंड, पान अशा साध्या वस्तूंपासून आरंभ करून नात्यागोत्यांपर्यंत पोहोचविला. तत्त्वज्ञानाची एवढी झेप, परंतु पाय शिवारातून उचललेले नाहीत.

तिसरी शाळा सणांची व श्रद्धेची. आपल्या भागात अक्षय्य तृतीयेस आखजी म्हणतात व तो सासुरवाशिणींचा मोठा सण असतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. बहिणाबाईंनी आखजीवर गाणे रचले, पोळ्यावर रचले, गुढीवर रचले. त्याचप्रमाणे वारकरी परंपरेचा संस्कार या भूमीवर खोल आहे. संत मुक्ताबाई याच प्रदेशात तापीतीरी अंतर्धान पावल्या अशी श्रद्धा आहे आणि पूर्वीचे एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. बहिणाबाईंनी ‘माझी मुक्ताई’ हे गाणे रचले, आणि त्यांच्या एका मुलाचे नाव मुक्ताबाईंच्याच भावाचे, म्हणजे सोपानदेव असे आहे. संत हे त्यांना पोथीतील पूज्य पुरुष वाटत नसत. ती त्यांना घरची माणसे वाटत.

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचा विवाह जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाला. असोदे सुटले. अंतर मोठे नव्हते, परंतु सासुरवाशिणीस दोन कोसही दोनशे कोस असतात हे आपल्या वडीलधाऱ्या भगिनींस सांगावयास नको. माहेर हा विषय त्यांच्या काव्यात वारंवार येतो तो यामुळेच. ‘योगी आणि सासुरवाशीण’ या गाण्यात माहेरचे गोडवे गाणाऱ्या स्त्रीस एक विरक्त पुरुष प्रश्न करतो की, माहेर एवढे गोड आहे तर मग सासरी कशास राहतेस? तिच्या उत्तराने योगी निरुत्तर होतो. आज सासरचे कष्ट सोसणारी प्रत्येक आई आपल्या लेकीसाठी माहेर उभे करीत असते, असा त्या उत्तराचा भाव आहे. एका पिढीच्या सोसण्यातून दुसऱ्या पिढीचा विसावा निर्माण होतो, हा विचार कोणत्याही ग्रंथातून आलेला नाही. असोदे ते जळगाव या वाटेवर तो सापडला.

जळगाव हे त्या काळी रेल्वेमुळे व कापसाच्या व्यापारामुळे झपाट्याने वाढणारे गाव होते. गिरणी, बाजारपेठ, छापखाना या नव्या गोष्टी तेथे आल्या होत्या. बहिणाबाईंची दृष्टी त्यांवरही गेली. छापखान्यावर त्यांनी रचलेले गाणे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. कोऱ्या कागदास यंत्रात जाताच शहाणपण येते आणि माणूस मात्र एवढे टक्केटोणपे खाऊनही तसाच राहतो, असा खेद त्यांनी तेथे व्यक्त केला आहे. ज्या स्त्रीस छापलेले एक अक्षरही वाचता येत नव्हते तिने हे म्हणावे, आणि ज्यांना वाचता येते त्यांनी मान खाली घालून ऐकावे, असा हा प्रसंग आहे.

संसारास अशी काही वर्षे झाली आणि वयाच्या तिसाव्या वर्षी बहिणाबाईंवर वैधव्याचा आघात झाला. काशी, ओंकार आणि सोपानदेव अशी तीन मुले पदरात. सोपानदेवांचा जन्म १९०७ सालचा, म्हणजे वडील गेले तेव्हा ते तीन वर्षांच्या आसपास असावेत. पुढे प्लेगच्या साथीने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. घर, शेत आणि मुले यांचा भार एकटीच्या खांद्यावर येऊन पडला. त्या काळी विधवा स्त्रीस समाजाने काय दिले आणि काय हिरावून घेतले, याविषयी आपण प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. शुभकार्यात तिने पुढे यावयाचे नाही, बोलण्यात तिचा शब्द शेवटचा, कष्टात मात्र तिचा हात पहिला, ही रीत इतर समाजांप्रमाणे आपल्याही समाजात होती. बहिणाबाई आपल्या होत्या हे म्हणताना ही रीतही आपलीच होती हे आपणांस विसरता येणार नाही.

या दुःखास त्यांनी कसे तोंड दिले, हेही त्यांच्या गाण्यांतूनच कळते. दारी भविष्य सांगण्यास आलेल्या ज्योतिष्यास त्यांनी एका गाण्यात परत पाठविले आहे. आपले दैव आपणांस ठाऊक आहे, ते दुसऱ्याने हात पाहून सांगण्याची गरज नाही, असा त्यातील बाणा आहे. येथे रडगाणे नाही आणि कोरडा उपदेशही नाही. पीक बुडालेल्या शेतकऱ्याने दुसऱ्या वर्षी पुन्हा पाभर जुंपावी, तशी ती वृत्ती आहे. ‘सुगरणीचा खोपा’ हे गाणे मुलांना पाखराच्या कौतुकाचे म्हणून शिकविले जाते व ते योग्यच आहे. परंतु झाडाला टांगलेल्या घरट्यात पिलांसाठी जीव गुंतवून बसलेले ते पाखरू पाहताना, तीन लेकरांना एकटीने वाढविणारी माउलीच आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते.

आता भाषेविषयी. बहिणाबाईंची भाषा ही आपल्या घरची बोली आहे. ळ च्या जागी य म्हणणारी, डोळ्याला डोया आणि पोळ्याला पोया म्हणणारी. शहरात शिकावयास गेलेल्या आपल्या कित्येक मुलांना या बोलीपायी हसू सोसावे लागले आहे. आम्हीही त्यांतलेच एक. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात आम्ही आमचा य लपवावयास शिकलो आणि सुटीत घरी आल्यावर आजीपुढेही पुस्तकी मराठी बोलू लागलो. आजी नुसती पाहत राहिली. तिला वाटले असावे, मुलगा शिकला. आज आम्हांस वाटते, त्या सुटीत आम्ही काहीतरी गमावून बसलो. कारण बहिणाबाईंचे एखादे गाणे प्रमाण मराठीत लिहून पाहावे. अर्थ तोच राहतो आणि गाणे निघून जाते. ज्या बोलीची आपणांस लाज वाटत होती, तिच्याच जोरावर या काव्याचे तेज उभे आहे.

ही गाणी जगापुढे कशी आली, ती हकीगत अनेकांस ठाऊक असली तरी पुन्हा सांगण्याजोगी आहे. बहिणाबाई काम करता करता गाणी रचीत व म्हणत. त्यांना ती लिहिता येत नव्हती. चिरंजीव सोपानदेव व मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही वेळोवेळी टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः नामवंत कवी झाले. तरीही आपल्या अशिक्षित आईची बोलीतील गाणी साहित्यिकांपुढे ठेवण्याचा त्यांना संकोच वाटत असे. दिनांक ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित भीत भीत आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांच्यापुढे ठेवले. अत्र्यांनी काही कविता वाचल्या आणि हे अस्सल सोने आहे, ते महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे हा अपराध होईल, असा निर्वाळा दिला. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि पाहता पाहता ही गाणी सर्वतोमुखी झाली. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटाने ती ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्याही कानी नेली. १९६९ साली आणखी काही गाण्यांची भर घालून दुसरी आवृत्ती निघाली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिने शाळेची पायरी चढली नाही तिच्या नावाची मुद्रा आज पदवीपत्रांवर उमटते.

हा गौरव वाचून कोणाचीही मान ताठ व्हावी. परंतु येथेच आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतो. स्वतःचे पुस्तक बहिणाबाईंनी पाहिले नाही. आपण कवयित्री आहोत हे कोणी त्यांना सांगितले असेल तर ते घरच्याच चार माणसांनी. आणि आज उपलब्ध असलेली गाणी किती? जेमतेम पन्नासच्या आसपास. एकाहत्तर वर्षांचे आयुष्य, रोजचे दळण, रोजचे शेत, आणि हाती लागली ती एवढीच. उरलेली वाऱ्यावर गेली. ती कोणी शत्रूने नेली नाहीत. ती ऐकणारी माणसे घरचीच होती, फक्त बहुतेकांना ती टिपून ठेवण्याजोगी वाटली नाहीत.

लेखकाच्या लेखनात त्याचे घर, गाव आणि बालपण उतरते असे सर्वच म्हणतात, आणि बहिणाबाईंचे उदाहरण त्यास उत्तम प्रमाण आहे. तथापि एक शंका प्रामाणिक वाचकाच्या मनात यावी. जाते तर घरोघरी होते. शेत, आखजी, माहेरची ओढ आणि वैधव्याचे दुःख हेही हजारो स्त्रियांच्या वाट्यास आले. मग बहिणाबाई एकच कशी झाली? याचे उत्तर असे की, माती सर्वांना सारखी मिळते, परंतु प्रत्येक दाण्याचे बळ निराळे असते. ते बळ बहिणाबाईंचे स्वतःचे होते व त्याचे श्रेय ज्ञातीने घेऊ नये. ज्ञातीने घ्यावयाचे ते दुसरे उत्तर आहे आणि ते अधिक बोचणारे आहे. बहिणाबाई कदाचित एकच नसेलही. तिच्या घरी लिहिता येणारा मुलगा होता आणि त्याने वही उघडली. इतर घरांत वही उघडली गेली नाही. किती बहिणाबाई आपल्या माजघरांतून न कळत निघून गेल्या, हे आता कोण सांगणार?

आमच्या आजीच्या बाबतीत असेच घडले. ती दळताना म्हणत असे त्या ओव्यांत काही तिच्या स्वतःच्या होत्या, असे ती गेल्यावर आत्याकडून कळले. आत्यास त्यांतील दोन-तीन अर्धवट आठवत होत्या. आता आत्याही नाही. आम्ही पदवीधर, घरात दौत-लेखणीस तोटा नव्हता, आणि सुटीतल्या दुपारी आजीजवळ बसावयास वेळही होता. त्या ओव्या बहिणाबाईंच्या तोडीच्या होत्या असे आमचे म्हणणे नाही. त्या कशा होत्या हे सांगण्याची सोयच राहिली नाही, एवढेच दुःख आहे.

म्हणून ज्ञातिबंधू व भगिनींस आमची नम्र विनंती आहे. आज जाती थांबली आहेत, मोटा गेल्या आहेत, आणि आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस व परदेशीही गेली आहेत. यात वाईट काही नाही. बहिणाबाईंनीच आपल्या मुलास शाळेत धाडले होते, हे ध्यानात ठेवावे. परंतु ज्या घरात अद्याप एखादी वृद्ध आजी, मावशी वा काकू असेल, त्या घरातील तरुणांनी येत्या आखजीस तिच्याजवळ बसावे. तिच्या ओव्या, गौराईची गाणी, म्हणी, उखाणे, पेरणी-कापणीचे शब्द तिच्याच उच्चारात, य चा ळ न करता, लिहून घ्यावेत. खिशातील यंत्रावर आवाज उतरवून घेण्याची सोय आता प्रत्येकाजवळ आहे. त्याखाली तिचे नाव व तिच्या माहेरच्या गावाचे नाव अवश्य लिहावे, कारण आपल्या वंशावळींत लेकीबाळींची नावे लिहिण्याची चाल नव्हती. असे जे साहित्य येईल त्यासाठी पुढील वर्षीच्या स्मरणिकेतील पाने राखून ठेवावीत अशी सूचना आम्ही मंडळापुढे मांडीत आहोत.

बहिणाबाईंच्या पुण्यतिथीस तसबिरीला हार घालणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते आपण दरवर्षी करतोच. परंतु त्या माउलीस खरा संतोष होईल तो घरातल्या म्हातारीपुढे वही घेऊन बसलेले नातवंड पाहून. सोपानदेवांनी तेवढेच केले होते. तेवढ्यानेच महाराष्ट्रास बहिणाबाई लाभल्या.